ओमची रिमोटवरची लाकडी मॉडेल बोट : डेक (वरचं झाकण) आजच लावायचा का?

ओम: डेकचा प्लाय ठेवून बघितला एकदम मस्त बसतोय 😍 मामा आज रात्रीच चिकटवून टाकू का म्हणजे रविवारी रंगाला घेता येईल

मावशी: अगंबाई किती सुंदर दिसतेय रे, फोटोत खरीच वाटते. लाव लाव

मामा (सिएटल): ओम थांब!! डेक अजिबात लावू नकोस. एकदा डेक लागला की आत हात जात नाही. आधी आतून सगळीकडे इपॉक्सी (पाणी रोखणारं रेझिन) फिरव, फ्रेमच्या मागे, कोपऱ्यात, दोन्ही स्पॉन्सनच्या म्हणजे दोन बाजूंच्या तरंगत्या भागांच्या आत पण, जिथे हाताचं बोट पोचत नाही तिथे जुना ब्रश कापून घे. रेझिनमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकलंस की पातळ होतं आणि लाकडात मुरतं. पहिला हात पूर्ण सुकू दे, हलका पॉलिश पेपर मार, मग दुसरा हात. बोटीत थोडं तरी पाणी येतंच, आणि कोरडा प्लाय ते पितो, फुगतो, मग बॉटम वाकडा झाला की सगळी मेहनत गेली

आजोबा: बरोबर सांगतोय. चौकटीला रंग देताना भिंतीकडची न दिसणारी बाजू आधी रंगवायची असते, पाणी तिथूनच शिरतं, तसंच हे. आणि ओम, पाच मिनिटांत सुकणारा अरल्डाइट नको, साधा घे. वेळ लागतो पण जोड नीट बसवायला सवड मिळते

आई: बाबा वास येईल ना घरभर

आजोबा: बाल्कनीत करू. हातमोजे घालायचे, आणि घासताना मास्क. त्याची धूळ छातीत जाता कामा नये.
अजून एक, काल मी बॉटमवर स्टीलची पट्टी उभी धरून बघितली. डाव्या स्पॉन्सनला मागच्या बाजूला पट्टीखालून उजेड दिसतोय, म्हणजे तिथे खड्डा आहे. उजवा चांगला आहे

ओम: एवढासा तर आहे आजोबा, रंगात झाकला जाईल 😅

मामा (सिएटल): रंगात झाकला जाईल पण पाण्याला कळेल रे. ही हायड्रोप्लेन आहे, स्पीडमध्ये अख्खी बोट पाण्यात नसतेच, दोन स्पॉन्सनच्या मागच्या टोकांवर आणि मागे अर्ध्या बुडालेल्या प्रोपेलरवर उभी असते, बाकी खाली नुसती हवा. म्हणजे तीनच जागा पाण्याला लागतात आणि त्यातली एक वाकडी असली तर ती सरळ कशी जाणार. स्पॉन्सनची मागची कड तर नखाला लागेल एवढी धारदार हवी, गोल झाली की पाणी तिथून सुटत नाही, चिकटून वर चढतं. कागद हातात धरून घासू नकोस, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घास.

इथे या बोटींचं वेड आहे म्हणून तर हा किट घेतला तुझ्यासाठी. १९५० च्या जूनमध्ये स्लो-मो-शन फोर नावाची लाकडी बोट इथल्या लेक वॉशिंग्टनवर ताशी १६० मैलांनी गेली, म्हणजे जवळजवळ २५८ किमी! आधीचा रेकॉर्ड माल्कम कॅम्पबेलचा, १९३९ चा, १४१ मैलांचा. इंजिन विमानाचं होतं, ॲलिसन. त्यानंतर इथली पोरं लाकडी हायड्रोप्लेन बनवून सायकलला दोरीने बांधून गल्लीत ओढत फिरायची. ती खरी बोट इथल्या म्युझियममध्ये ठेवलीय, तू आलास की आधी तिथेच नेतो

आजोबा: आमच्याकडे सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती व्हायच्या, अख्खं गाव घाटावर. वल्ह्यांच्या होड्या, पण ईर्षा हीच

ओम: भारी!! मामा वळताना बोट घसरू नये म्हणून लावतात तो फिन कुठल्या बाजूला? नेटवर खऱ्या बोटींना डावीकडे दिसतं

मामा (सिएटल): खऱ्या शर्यती डावीकडे वळत होतात म्हणून. मॉडेलच्या उजवीकडे वळत होतात, त्यामुळे तुझा फिन उजव्या स्पॉन्सनला.
अजून दोन गोष्टी डेकच्या आधीच. पुढच्या भागात थर्मोकोल भर म्हणजे उलटली तरी बुडणार नाही, पण तो फेविक्विकने चिकटवू नकोस, विरघळतो. आणि रिसीव्हरची अँटेना नळीतून डेकच्या वर काढायची जागा ठेव, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही.
शाफ्ट लावशील तेव्हा मागे स्ट्रट (शाफ्टला धरणारा आधार) आणि प्रोपेलरच्या ड्राइव्ह डॉगमध्ये (प्रोपेलरला फिरवणारा तुकडा) तीन एमएम फट ठेव, जोर आला की फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे तो लवचिक तारेचा दांडा, आखडून आखूड होतो

आई: आणि ती बॅटरी? पेटते म्हणतात

मामा (सिएटल): ताई लायपोची, म्हणजे या लिथियम पॉलिमर बॅटरीची, काळजी घ्यायलाच हवी. चार्जिंगला लावून कोणी झोपायचं नाही की बाहेर जायचं नाही, फरशीवर, आजूबाजूला कपडे कागद काही नको. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. आणि ठेवून द्यायची तर फुल चार्ज नको, एका सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास. ओम हे तुझं काम, आईचं नाही

ओम: हो मामा नक्की

मावशी: मग रविवारी रंग नाही का, मी येणार होते बघायला

मामा (सिएटल): ये की, पण रंग पुढच्या आठवड्यात. ओम आधी पट्टी धर, मागून टॉर्च लाव आणि दोन्ही स्पॉन्सनचा फोटो इथे टाक

ओम: आजोबा पट्टी तुमच्याकडे आहे ना, येतो घ्यायला

आजोबा: ये. येताना २२० नंबरचा पॉलिश पेपर आण, माझ्याकडचा संपलाय. ठोकळा मी रंधून ठेवतो