नऊपैकी सात गुण, तरी नॉर्म हुकला: असं का होतं?

परभणीचा_पालक:
मुलगी अकरा वर्षांची, बुद्धिबळ खेळते, फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग 1612. 2500 झालं की ग्रँडमास्टर किताब, इतकंच माहीत होतं. इथं सात गुण करूनही नॉर्म न मिळाल्याच्या चर्चा वाचतोय. हे गणित कुणी उलगडून सांगेल का?

लातूरचा_घोडा:
2500 ला एकदा स्पर्श झाला तरी चालतं, नंतर घसरलं तर घसरू द्या. खरी अडचण नॉर्मची, म्हणजे किताबासाठी एखाद्या स्पर्धेत करून दाखवायच्या ठरावीक दर्जाच्या कामगिरीची. तीन लागतात, मिळून किमान 27 डाव. प्रत्येकात कामगिरी 2600 रेटिंगच्या खेळाडूसारखी हवी.

नऊ फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी किमान 2380 हवी. तेव्हा 7 गुण लागतात. सरासरी 2434 झाली की साडेसहा पुरतात, 2475 ला 6. शिवाय समोर किमान तीन ग्रँडमास्टर आणि एकूण पाच किताबधारी पाहिजेत (कँडिडेट मास्टर हा खालचा किताब धरत नाहीत). गाडी अडते ती इथंच. पहिल्या फेरीत 1900 चा आला, बाकी आठांची सरासरी 2420, तर एकूण 2362. गेलं! म्हणून सर्वांत कमी रेटिंगचा एक प्रतिस्पर्धी 2200 धरतात. मग 2396 होते. असे दोन आले तर दुसऱ्याला सवलत नाही.

परदेशी खेळाडूंचीही अट आहे. काही मोठ्या खुल्या स्पर्धांना त्यातून सूट मिळते. ग्रँडमास्टरच नसलेल्या जिल्हा पातळीवरच्या रेटिंग स्पर्धेत नॉर्म मिळणारच नाही, कितीही गुण करा.

नांदेड_एक्सप्रेस:
दादा, 1612 ला नॉर्मचा विचार फार लवकर होतोय. आत्ता के-फॅक्टर (एका डावात रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) बघा: 18 वर्षांपर्यंत आणि 2300 च्या खाली तो 40 असतो. 1500 वाल्याला हरवलं तर +14, बरोबरी −6, हरली तर −26. म्हणून आपल्यापेक्षा कमी रेटिंगवाल्यांच्याच स्पर्धा खेळत राहिलं की साधी बरोबरीही रेटिंग कमी करते. सुट्टीत वरच्या गटात खेळवा.

परभणीचा_पालक:
मग नागपूरच्या दिव्या देशमुखला नॉर्मशिवाय किताब कसा?

लातूरचा_घोडा:
महिला विश्वचषक जिंकणाऱ्याला थेट किताब मिळतो. जुलै 2025 मध्ये बाटुमीत तिने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या जलद डावांत) हरवलं, तेव्हा तिचं रेटिंग 2500 च्या खालीच होतं. पण ती वाट एका वेळी एकीलाच मिळते. बाकीच्यांनी स्पर्धा संपताच पंचांकडून नॉर्मचं प्रमाणपत्र सहीसकट घेऊन जपून ठेवायचं. नॉर्मला मुदत नसते.