अनुभव धागा: मिरवणं, मीपणा आणि आपण ख्रिस्ती माणसं

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाचं वाचन असतं. उपास करताय तर लोकांना कळेल असं तोंड करून हिंडू नका, तोंड धुवा. ते ऐकून आपण कपाळावर राखेचा क्रूस घेतो आणि फाटकापाशीच सेल्फी सुरू! 2021 मध्ये करोनामुळे व्हॅटिकनने राख काही न बोलता डोक्यावर शिंपडायला सांगितली होती. केसांतली राख फोटोत येत नाही, एवढा एक फायदा.
तर लिहा. प्रवचन नको, घडलेलं सांगा.

वसईहून
2016 साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) पाय धुण्याच्या विधीत, येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची ही आठवण, बायकांनाही घेता येऊ लागलं. आमच्याकडे त्याआधी बारा खुर्च्यांवर कोण बसणार यावरून रुसवेफुगवे व्हायचे. नंतर एका वर्षी फादरांनी धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) भाजीवाल्या बायांना बसवलं. त्यात माझी आय. आदल्या रात्री मोरीत बसून ती वजरीने टाचांच्या भेगा घासत होती. म्हटलं, "अगं, फादर धुणारच आहेत ना?" तर म्हणते, "मग काय त्यांना वाडीतला चिखल दाखवू?"
याला मिरवणं म्हणायचं का? मला नाही वाटत. दुसऱ्याचे पाय धुवायला ती कधीही बसली असती. स्वतःचे पाय पुढे करताना मात्र तिला घाम फुटला. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याचंही तेच झालं होतं, योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून बघा.

नगरहून
आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. दोन भाऊबंदांच्या ईर्ष्येत एका दुधी भोपळ्याची बोली चार आकड्यांत गेली. भोपळा शेवटी कुणी खाल्ला देव जाणे. पैसा मंडळीलाच मिळतो, म्हणून कोणी हटकत नाही. पाळकसाहेबांनी पुढच्या सणाला बोली जिंकणाऱ्याचं नाव पुकारणं बंद केलं. जमा रक्कम बरीच उतरली. त्यानंतरच्या वर्षी नावं परत आली.

पुण्याहून
प्रार्थनासभेत उभं राहून देवाने आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगतात, त्या साक्षींबद्दल कुणीतरी लिहा हो. एका बंधूंच्या साक्षीतल्या दारूच्या बाटल्या दरवर्षी वाढतात. तारण होण्याआधी आपण किती वाईट होतो यातही पहिला नंबर लागतो!

मस्कतहून
माझ्या ऑफिसचा ड्रायव्हर आमच्या चर्चमध्ये कॉयर मास्तर, म्हणजे गायकवृंदाचा प्रमुख आहे. शुक्रवारच्या सरावाला मी बेसुर झालो की सगळ्यांदेखत हात वर करून थांबवतो, "पुन्हा घ्या." आधी फार लागायचं. बायको म्हणायची, सोड ते कॉयर. सोडलं नाही, कारण त्याचा कान खरंच तयार आहे. रविवारी गाडीचं दार उघडून तो "गुड मॉर्निंग, सर" म्हणतो, तेव्हा आता मलाच अवघडल्यासारखं होतं. दार मी स्वतः उघडायला लागलोय. ते त्याला आवडत नाही. म्हणतो, "माझं काम मला करू द्या."

ठाण्याहून, एका खजिनदाराकडून
दान देताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे मत्तयच्या त्याच अध्यायातलं वचन मान्य. पण हिशेब मला लिहावा लागतो. दानपेटीत नुसतं कोरं पाकीट टाकून जाणाऱ्यांना विनंती: नाव नका लिहू, पण पैसे छपरासाठी की गरिबांसाठी, एवढं तरी लिहा. गेल्या खेपेला त्यावरून कमिटीत तासभर भांडण झालं.