‘असंरचित साक्षात्कार’ मराठीत कसं लिहायचं?

रामबागवाली (इंदूर): भाचीच्या हिंदी प्रबंधाचा सारांश मराठीत करतेय. विषय हुकुमचंद मिलचे जुने कामगार. मिल १९९१ मध्ये बंद झाली. ‘असंरचित साक्षात्कार’पाशी, म्हणजे इंग्रजीतल्या ‘अनस्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू’पाशी, अडलेय. साक्षात्कार म्हटलं की मराठी माणसाला देव दिसतो. ‘असंरचित मुलाखत’ लिहिलं, तर पुण्याच्या जाऊबाई म्हणाल्या, असं कोणी बोलतं का?

शब्दवेडा: पारिभाषिक शब्द आहे तो, बोलायचा नाही, लिहायचा. आणि साक्षात् म्हणजे डोळ्यांसमोर. हिंदीवाल्यांचं काही चुकलं नाही.

माळवी: पण ‘असंरचित’ने अर्थ चुकीचा पोचतो. विचारायचे विषय डोक्यात पक्के असतात, फक्त प्रश्नांचे शब्द आणि क्रम आधी ठरवत नाहीत. ‘मोकळी मुलाखत’ लिहा.

शब्दवेडा: मग संशोधन म्हणजे गप्पा वाटतील. त्यात मुलाखत अरबी.

बडोदेकर: असू दे अरबी. मूळ अर्थ भेट. आमच्याकडे गुजरातीत ‘मुलाकात’ला आजही दोन्ही अर्थ आहेत. भेटीत दोघंही बोलतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली आई होणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेत होत्या. त्या बायकांनी उलट त्यांनाच ८७८ प्रश्न विचारले, असं त्यांनी १९८१ मध्ये मोजून लिहिलंय.

रामबागवाली: अगदी! भाची फॉर्म घेऊन गेली तेव्हा एका आजोबांनी वय न् पगार सांगितला, संपलं. पुन्हा नुसती भेटायला गेली, तर पत्र्याच्या डबीतून पितळी बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला. पहाटेचा भोंगा झाला की आई कणीक भिजवायला घ्यायची, म्हणाले. भोंग्याचा प्रश्न तिच्या यादीतच नव्हता.

माळवी: तिथेच तर तुलना फसते. बाकीच्यांना भोंग्याचं विचारलंच नाही, मग त्यांच्या घरी त्याचं काही नव्हतं असं थोडंच म्हणता येईल? शिवाय आपण जिथे मान डोलावतो, तिकडे बोलणारा वळत जातो. आणि तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला माझे चार-पाच तास जातात.

शब्दवेडा: म्हणूनच शिस्तीचा शब्द हवा. तोंडी आलं ते छापलं, तर परिभाषा उरेल का?

बडोदेकर: आणि तोंडात बसतच नाही अशी परिभाषा कोणासाठी? सयाजीरावांच्या काळात १९३१ मध्ये कारभाराच्या शब्दांचा कोश निघाला, त्यात मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी प्रतिशब्द शेजारीशेजारी दिलेत.

रामबागवाली: सारांश शुक्रवारी द्यायचाय हो. एक काहीतरी ठरवा.

ग्वाल्हेरकर: मध्येच विचारतो, तुमच्याकडे ‘भोंगा झाला’ म्हणतात? आमच्या घरी भोंगा ‘व्हायचा’ नाही, ‘वाजायचा’.

माळवी: दोन्ही चालतं. आमची आजी तर ‘भोंगा बोलला’ म्हणायची.