शब्दचर्चा: 'साडेचार मीटरच्या लाटा'

नस्तीउठाठेव: पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत हमखास येतं, 'आज समुद्राला उधाण, साडेचार मीटरच्या लाटा उसळणार'. वर वेळही मिनिटासकट! लाटेचा मुहूर्त आधीच कसा कळतो बुवा?

खाडीकाठची: ती लाट नाहीच, भरती आहे. सगळ्यात खोल ओहोटीच्या आसपास धरलेल्या आधारपातळीपासून पाणी साडेचार मीटर चढणार, एवढाच अर्थ. चंद्र-सूर्याचं गणित असल्यामुळे वर्षभर आधी मांडता येतं. अपोलो बंदरावरच्या भरतीच्या नोंदी तर १८७८ पासूनच्या आहेत.

गंमत यंत्रात आहे. जुन्या पद्धतीच्या भरतीमापकात उभी नळी असते, आत तरंगता गोळा आणि पाणी शिरायला खाली बारीकसं भोक. लाटेची खळबळ आत पोचूच नये म्हणून ते मुद्दाम बारीक ठेवतात. म्हणजे लाटा गाळून काढलेला आकडा आपण 'लाटा' म्हणून छापतो!

नस्तीउठाठेव: मग लाट मोजतं कोण?

खाडीकाठची: बोया. रत्नागिरीसमोर वगैरे सोडतात तो पिवळा गोल 'वेव्हरायडर'. लवचिक रबरी दोरामुळे तो लाटेबरोबर मोकळा वरखाली होतो. आतला संवेदक त्वरण मोजतो, त्यावरून उंची काढतात. भरती सहा तास सावकाश चढते, तिचा त्याला पत्ताही लागत नाही.

जुनाखलाशी: हैदराबादच्या 'इन्कॉइस' या महासागर माहिती केंद्राच्या इशाऱ्यात येते ती मात्र लाटेचीच उंची, तळापासून माथ्यापर्यंतची. तीही एका लाटेची नव्हे. सगळ्यात मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी घेतात. 'लक्षणीय लाट उंची' हा त्याचा पुस्तकी प्रतिशब्द मला बोजड वाटतो. 'तीन मीटर' वाचून होडी काढली तर एखादी लाट पाच-साडेपाचची भेटू शकते. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नर या नैसर्गिक वायूच्या फलाटावरच्या लेझरने २५.६ मीटरची लाट टिपली, तेव्हा ही सरासरी १२ मीटरच्या आसपास होती.

नस्तीउठाठेव: आणि 'उधाण'? ते तरी बरोबर ना?

खाडीकाठची: अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाणच म्हणायचं, अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग. लाटांसाठी 'दर्या खवळलाय' आहे की!

जुनाखलाशी: आनंदालाही उधाण येतं, तेव्हा इतकं सोवळं नको. पण आकड्यापुढे 'भरती' की 'लाट' ते छापाच. वादळ असेल तर भांगातही दर्या खवळतो, आणि भरतीचं कोष्टक पाहून निघालेल्याला त्यात त्याचा मागमूसही दिसत नाही.