मदत हवी आहे: दोन भाचरांना एकत्र खेळता येईल असा छोटा, गमतीदार पझल प्लॅटफॉर्मर सुचवा

खारघरची_मावशी
दिवाळीच्या सुट्टीत माझी भाचरे शनिवारी खारघरला राहायला येत आहेत आणि त्याआधी मला एक गेम निवडून ठेवायचा आहे, त्यामुळे कृपया लवकर सुचवावे. उड्या मारत पुढे जायचे, वाटेत कोडी सोडवायची, पात्रे विक्षिप्त असावीत, हसू यावे आणि दोन दुपारांत गोष्ट पूर्ण व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. मागच्या सुट्टीतला मोठा गेम अर्ध्यावर राहिला आणि त्याचा शेवट काय होता, हे धाकटा अजूनही फोनवर विचारतो. मारामारीचे खेळ नकोत. यादीही नको, एकच नाव सांगा.

पाचपाखाडी
मुलांची वये किती आणि खेळणार कशावर, हे कळल्याशिवाय एक नाव कसे सांगणार? घरात निन्टेन्डो स्विच असेल तर मात्र 2017 सालचा 'स्निपरक्लिप्स' घ्या. त्यात कागदाची दोन पात्रे असतात. एकाने दुसऱ्यावर चढून त्याचा तुकडा कापायचा आणि कोड्याला हवा तो आकार तयार करायचा. माझ्या मुली कोडे बाजूला ठेवून एकमेकींना विनाकारण कापत बसतात आणि हसतात. त्या हसण्यात कधीतरी उत्तर सापडते. एकट्याने उत्तर काढून दुसऱ्याला नुसते बघायला लावायची त्यात सोयच नाही.

वर्तकनगर_जुना
छोटा खेळ हवा असेल तर 1989 सालच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'पुढे काहीही नाही. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाच्या धावण्याचे आणि उड्या मारण्याचे चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या. पूर्ण खेळाला साठ मिनिटांची मुदत असते, म्हणजे तुमची वेळेची अटही पुरी होते. ठाण्यात कॉम्प्युटर क्लास सुटल्यावर आम्ही मुले एकाच कीबोर्डभोवती उभे राहून तो खेळत असू आणि पुढच्या दाराची कळ कुठे दडली आहे यावर सगळ्यांनी मिळून डोके चालवत असू.

ऐरोली_लोकल
खेळ थोर आहे, परंतु मावशींनी हलकाफुलका खेळ मागितला आहे. राजपुत्र खिळ्यांवर पडतो, पात्यांत चिरडला जातो, तलवारीने लढतो आणि मेल्यावर बहुतेक वेळा पुन्हा लेव्हलच्या सुरुवातीपासून चालावे लागते. माझ्या मते खेळाचा हलकेपणा रंगांवर किंवा विनोदांवर ठरत नाही. चुकण्याची किंमत किती, यावर ठरतो. टेरी कॅव्हना यांचा 2010 सालचा 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही' पाहा. त्यात उडी मारताच येत नाही, फक्त गुरुत्वाकर्षण उलटे करून छतावर जाता येते. खेळाचा नायक असलेला कप्तान शेकडो वेळा मरतो, पण क्षणात जवळच्याच खुणेवर परत उभा राहतो, आणि मरताना त्याचे हसरे तोंड पडलेले पाहून खेळणाराच हसू लागतो. एकच कल्पना घेऊन ती प्रत्येक खोलीत नव्या तऱ्हेने वापरायची आणि जुनी होण्याआधी खेळ संपवायचा, हे छोट्या खेळांनाच जमते.

वर्तकनगर_जुना
चुकण्याची भीतीच काढून टाकली तर जमल्याचा आनंद कुठून येणार? मुलांना थोडी धडधड हवी असते. आपण त्यांना फार जपतो.

सानपाडा_७०५
माझा प्रश्न वेगळा आहे. तीन-चार तासांत संपणाऱ्या खेळासाठी पैसे का मोजावेत? तेवढ्याच पैशांत सवलतीच्या काळात शंभर तासांचा खेळ मिळतो.

नेरूळ_पूर्व
तो शंभर तासांचा खेळ अर्ध्यावर राहिला, हीच तर मावशींची अडचण आहे. 'पोर्टल' 2007 साली आला, तो काही तासांत संपतो आणि त्यातला संगणकाचा गोड आवाजातला दुष्टपणा लोकांना अजून आठवतो. तासांनी खेळ मोजण्याची सवय छोट्या निर्मात्यांना प्रत्यक्ष महाग पडते: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, त्यामुळे दीड तासात संपणारा गेम पूर्ण खेळूनही पैसे परत मागता येतात. गेम आवडला असेल तर ते मागू नयेत, असे मला मनापासून वाटते. मावशी, तुम्ही 2011 सालचा 'पोर्टल 2' घ्या. त्यात दोन यंत्रमानवांनी मिळून खेळायचा स्वतंत्र भाग आहे.

खारघरची_मावशी
साधा विंडोज लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, आणि तो टीव्हीला जोडणार आहे. भाची बारा वर्षांची आहे, भाचा सात वर्षांचा आहे. तो मराठी माध्यमात शिकतो आणि इंग्रजी अक्षरे जुळवत वाचतो. कंट्रोलर एकच आहे. दोघांना एकाच वेळी खेळता आले पाहिजे, नाहीतर पाळीवरून भांडणे होतात. आता तरी नाव सांगा.

पाचपाखाडी
वाचनाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती, ती आता समजली. मी पुढे 'थॉमस वॉज अलोन' सुचवणार होतो. साध्या रंगीत आयतांना निवेदकाच्या बोलण्याने स्वभाव देणारा तो 2012 सालचा खेळ मला फार प्रिय आहे. मात्र त्याची सारी गंमत इंग्रजी निवेदनात आहे आणि तो एकट्याने खेळायचा आहे, म्हणून तो वगळा. 'पोर्टल 2'मध्येही पात्राच्या डोळ्यांतून बघत वेगाने फिरावे लागते, सात वर्षांच्या मुलाला ते जड जाईल.

नेरूळ_पूर्व
माझ्या पुतण्याला ते जड गेले नाही. मुलांना कमी लेखू नका.

कोपरी_कोड
मुलांना असा खेळ स्वतः बनवायलाही शिकवता येईल. गोडो हे इंजिन मोफत आहे आणि द्विमितीय खेळांसाठी उत्तम आहे. चांगल्या प्लॅटफॉर्मरमध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही अगदी थोडा वेळ उडी मारू देतात, त्याला कायोटी टाइम म्हणतात. खेळणाऱ्याला ही सवलत दिसत नाही, फक्त आपले हात चांगले चालत आहेत असे वाटते. बारा वर्षांच्या मुलीला हे दाखवले तर ती प्रत्येक खेळाकडे वेगळ्या नजरेने पाहील.

खारघरची_मावशी
खेळ बनवायचा नाही, शनिवारी खेळायचा आहे.

ऐरोली_लोकल
मग माझे आधीचे नाव मी मागे घेतो, कारण तो एकट्याचा खेळ आहे आणि पुढे बराच अवघड होतो. तुमच्यासाठी 2019 सालचा 'पिकुनिकू' योग्य आहे. लांबलचक पायांचा एक लाल गोळा, एवढाच नायक. तो चालतो, पाय आत घेऊन घरंगळतो आणि समोर येईल त्याला लाथ मारतो. गावकरी त्याला राक्षस समजून घाबरतात. पेन्सिलची टोपी घातली की त्याला चित्र काढता येते, आणि एके ठिकाणी खेळणाऱ्याने काढलेला चेहराच कोड्याच्या उत्तरात वापरला जातो. सात वर्षांच्या मुलाला काहीही न वाचता यातले पुष्कळसे समजते, कारण विनोद मुख्यतः त्या पायांच्या चालीत आहे. गोष्टीतल्या फुकट पैसे वाटणाऱ्या पात्राचा डाव मात्र संवादांतून उलगडतो, तो भाचीने मोठ्याने वाचून मराठीत सांगावा. मूळ गोष्ट एकट्याने खेळायची आहे आणि ती तीन-चार तासांत संपते. दोघांनी एकत्र खेळायच्या लेव्हल वेगळ्या आहेत. त्यासाठी दुसरा कंट्रोलर आणून ठेवा.

सानपाडा_७०५
दुसऱ्या कंट्रोलरचा खर्च धरला तर तो गेमपेक्षा महाग पडेल.

खारघरची_मावशी
कंट्रोलर शेजाऱ्यांकडून मिळाला. सुरुवात गोष्टीने करावी की दोघांच्या लेव्हलने?

ऐरोली_लोकल
दोघांच्या लेव्हलने करा. पहिल्या दुपारी ती दोघे एकमेकांना लाथा मारण्यातच रमतील, तेव्हा कोडे सोडवायची घाई करू नका. एवढ्यात दोघांचेही हात बसतील. दुसऱ्या दुपारी गोष्ट सुरू करा आणि नवे ठिकाण आले की कंट्रोलर दुसऱ्याकडे द्या, म्हणजे पाळी कोणाची यावर वाद होणार नाही. लॅपटॉप टीव्हीला जोडून आवाज टीव्हीतून येतो आहे ना, हे शुक्रवारीच तपासा.