मदत हवी आहे: भोपळ्याच्या आकाराचं मातीचं भांडं मानेशी तडकतंय

नमस्कार मंडळी. सतारीसाठी मिरजेत वापरतात तसा भोपळा घरी आणलाय आणि त्याच्या आकारावरून वळ्या (मातीच्या लांब दोऱ्या) एकावर एक रचून, चाक न वापरता, भांडं घडवतेय. पोट गोल, एका बाजूला किंचित कललेलं, वर निमुळती मान. तो कल मला फार प्रिय आहे, चाकावर तो येत नाही.

माती स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची), उंची साधारण ३० सेंमी, भिंत ८ मिमी. प्रत्येक वळी लावताना दोन्ही कडा ओरखडून त्याच मातीचा घोळ लावते, आतून बोटाने खाली ओढून सांधते. तरी तिन्ही वेळा पोट आत वळून मान सुरू होते तिथेच आडवी, केसासारखी बारीक चीर दिसली. तीही वाळताना, भट्टीत जाण्याआधीच!

माझा अंदाज असा: खालचं पोट घट्ट होईपर्यंत थांबते, नाहीतर खांदा (मानेखालचा वळता भाग) खाली खचतो. मग वरची ओली वळी जास्त आकसते आणि सांधा ताणला जातो.

मग पोटाची कड ओल्या फडक्याने झाकून ठेवायची का? मातीत, भाजलेल्या खापराची भुकटी घालायची तर किती आणि किती बारीक? कागदाचा लगदा मिसळून कुणी एवढं मोठं भांडं केलंय का? चौथं भांडं प्लास्टिकखाली आहे, मान अजून चढवलेली नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.