मदत हवी आहे: रेंज नाही, नोंद होत नाही

बांधावरचा: आईची नोंद राहिलीय आणि मुदत संपत आलीय. शेतात नुसतं चाक फिरतं. टेकाडावर रेंज येते, तर तिथे अ‍ॅप म्हणतं जमिनीच्या गटापासून लांब आहात. काय करू? सिम बदला सांगू नका.

वाटसरू: कसली नोंद? गाव कुठलं?

सिमसम्राट: सिमच बदला हो. आमच्याकडे लगेच फरक पडला.

बांधावरचा: ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर नोंद, दुसरी कसली! भोर तालुका, हिरडस मावळ. भात. कुठलंच सिम चालत नाही.

माई_७: माझ्या सासूबाईंचं रेशनचं ई-केवायसी चेहरा दाखवून झालं. बोटं उमटत नव्हती. करून बघा.

वाटसरू: माई, ते भात म्हणतायत, तांदूळ नाही.

तारमास्तर: ग्रामपंचायतीत भारतनेटचं सरकारी इंटरनेट असेल, तिथून करा.

वाटसरू: पंचायत काय त्यांच्या गटात आहे? 2011 ला योजना मंजूर झाली तीच मुळी पंचायतीपर्यंत तार न्यायची. बांधाचा विचारच नव्हता त्यात.

कलमबहाद्दर: इंटरनेट हा मूलभूत हक्क आहे. केरळ उच्च न्यायालय, 2019, फहीमा शिरीन. तहसीलदारांना अर्ज ठोका.

तारमास्तर: तो खटला वसतिगृहात मोबाइल वापरू देत नव्हते त्याचा. टॉवर उभारा असं कुठे म्हटलंय त्यात?

कलमबहाद्दर: हक्क नाही म्हणता, मग 2021 पासून शेतकऱ्याकडे अ‍ॅपवरची नोंद मागता कशाच्या जोरावर?

शिवारफेरी: भांडण नंतर. जागा जीपीएस सांगतं, त्याला रेंज लागत नाही. गावात रेंज असेल तिथे अ‍ॅप उघडून खातेदार निवडा, मग शेतात जाऊन फोटो काढा, माहिती साठवा आणि परत रेंजमध्ये येऊन अपलोड करा. टेकाडावरून फोटो काढत बसू नका. फोन कुणाचा आहे?

बांधावरचा: शेजारच्या पोराचा. आईकडे बटणांचा आहे. मी पुण्यात.

शिवारफेरी: हे आधी सांगायचं ना! चालेल, एका फोनवरून बऱ्याच खातेदारांची नोंद होते. जमलं नाही तर शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर पाहणीसाठी नेमलेला गावचा सहायक करतो. तो कोण ते तलाठ्याला विचारा. सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा राहिला तर हमीभाव केंद्रावर भात घेणार नाहीत.

बांधावरचा: पोराला आत्ताच सांगतो. सहायक नेमलाय हे गावात कुणालाच माहीत नाही.

सिमसम्राट: त्या पोराचं सिम कुठलं आहे?